बँकॉकहून थेट

२ फेब्रुवारी

आमच्या व्यापारी मंडळात काल एक व्याख्याते येऊन गेले. मोठी माणसं रोज डायरी लिहितात, असं ते जेवण वाढेपर्यंत सांगत होते. मला मोठं व्हायचंच आहे, म्हणून ही वही. कुणाला दाखवायची नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.

खरं असं की मी, पारस, वय चौतीस, सराफ बाजारातल्या उत्तमचंद शेठांचा धाकटा मुलगा. दुकानात माझं काम दोनच: गिऱ्हाइकाला चहा सांगणं आणि बाबूजी आले की उठून उभं राहणं. चौदा वर्षं उभा राहतोय. आता स्वतःचं काहीतरी काढायचं आहे, आणि दिवाळीनंतर मंडळाची थायलंडची सहल गेली तेव्हा काय काढायचं ते कळलं. जळगावातलं पहिलं शुद्ध शाकाहारी, जैन, थाई हॉटेल. मेहरूण तलावासमोर गाळा घेतला. नाव 'सियाम सात्त्विक'. माझी बायको पलक म्हणाली, "अगरबत्तीचं नाव वाटतं." ती धुळ्याची आहे. तिला कशाचंच कौतुक नसतं.

बँकॉकमध्ये सोमचाय नावाचा आचारी भेटला होता. आमच्या चाळीस माणसांना त्याने कांदा, लसूण, बटाटा न घालता तीन दिवस जेवू घातलं आणि एकदाही कपाळाला हात लावला नाही. त्याला आणायचं. त्याला मराठी येत नाही, मला थाई येत नाही, म्हणजे भांडणाचा प्रश्न मिटला.

९ फेब्रुवारी

पलकच्या हट्टापायी तिला घेऊन धुळ्याला वकिलाकडे जाऊन आलो. योगेंद्र. पलकच्या कॉलेजात होता. मला तो आवडत नाही, पण फी घेत नाही, त्यामुळे तेवढ्यापुरता आवडतो.

मी म्हटलं, "सोप्पं आहे. सोमचायला टुरिस्ट व्हिसावर बोलावतो. आला की कामाला लावतो. कागद मागाहून."

योगेंद्र म्हणाला, "पारसभाऊ, टुरिस्ट व्हिसावर आलेला माणूस तलाव बघू शकतो, कढई धरू शकत नाही. आणि तो व्हिसा इथे बसून नोकरीचा करूनही मिळत नाही. त्याने तिकडच्या आपल्या दूतावासातूनच नोकरीचा व्हिसा घेऊन यायचं."

मग त्याने नियम सांगायला सुरुवात केली. जे काम इथला माणूस करू शकतो त्यासाठी बाहेरचा आणता येत नाही. आणला तर त्याला वर्षाला निदान सव्वासोळा लाख पगार. एवढा तर बाबूजी मलाही देत नाहीत. माझा चेहरा पाहून योगेंद्र म्हणाला, "घाबरू नका. स्वतःच्या देशाचं जेवण बनवणाऱ्या परदेशी आचाऱ्याला ती अट नाही." सरकारलाही पोट आहे तर. पण पुढे होतंच: पगारातून कर, पूर्ण पगारावर प्रॉव्हिडंट फंड, आल्यावर चौदा दिवसांत पोलिसांकडे नोंद, ज्याच्या घरात राहील त्या घरमालकाने चोवीस तासांत कळवायचं. तो नोकरी सोडून गेला तर तेही आम्हीच कळवायचं, आणि वेळ पडली तर परत पाठवायची जबाबदारीही आमची.

मी म्हटलं, "लग्नात मुलीच्या बापाने एवढं लिहून घेतलं नव्हतं."

पलक म्हणाली, "घ्यायला हवं होतं."

योगेंद्र हसला. त्याला हसायची गरज नव्हती.

निघताना त्याने विचारलं, "सध्या तुमच्याकडे परदेशी कामगार कुणी नाही ना?" मी म्हटलं, कुणी नाही. घरी भांडी-भाज्यांना एक भीमबहादुर आहे फक्त.

"तो नेपाळचा ना? मग परदेशीच झाला."

"छे, तो तर बहादूर आहे. अकरा वर्षं आमच्याकडे आहे."

"नेपाळ वेगळा देश आहे, पारसभाऊ. करार आहे म्हणून त्यांना व्हिसा लागत नाही, एवढंच."

गाडीत बराच वेळ विचार केला. भीमबहादुर परदेशी. आमच्या आधी उठून तो आमची पूजेची भांडी घासतो.

२१ फेब्रुवारी

अर्ज गेला. लवकर व्हावं म्हणून मी बाबूजींच्या पेढीच्या लेटरहेडवर करार केला. पेढी पन्नास वर्षांची, नाव मोठं, दूतावासावर वजन पडेल. योगेंद्र नको म्हणत होता. वकिलांना सगळ्यालाच नको म्हणायची सवय असते. बाबूजींनी उद्घाटनाला आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त काढून दिला आहे. सराफ बाजार अख्खा येणार.

१४ मार्च

सोमचायला मदतनीस हवा म्हणून धुळ्याच्या हायवेवरच्या एका हॉटेलातली मुलगी घेतली. रिनपुई. वय एकोणतीस-तीस. मिझोरामची, लुंगलेई गावची. वडिलांचं तिथे कापडाचं दुकान आहे. पुण्यात हॉटेलचं शिकली, धुळ्यात पाच वर्षं काढली. मी इंग्रजीत मुलाखत घेत होतो. ती मराठीत उत्तरं देत होती. शेवटी मीही मराठीवर आलो.

मेहरूणमध्येच तानुबाईंकडे तिला खोली मिळाली. तानुबाई एकट्याच असतात. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला भरीत-भाकरी वाढली आणि नाव 'रिना' करून टाकलं. रिनपुई म्हणजे फार होतं म्हणे.

मुलगी हुशार आहे. थाई रश्श्यात आल्याचा भाऊ शोभेल असा एक कंद घालतात, तो जैन जेवणात चालत नाही. तिने त्याऐवजी लिंबाची पानं आणि गवती चहा असं काहीतरी जमवलं. बाबूजींनी दोन वाट्या घेतल्या आणि विचारलं, "हे आपल्यात चालतं ना?" चालतं म्हटल्यावर तिसरी घेतली.

२८ मार्च

दूतावासाने अर्ज परत पाठवला. प्रश्न विचारला आहे की सोन्याचांदीच्या पेढीला थाई आचारी कशासाठी हवा. हॉटेलच्या नावाने वेगळी फर्म, वेगळे परवाने आणि पुन्हा अर्ज. म्हणजे जूनच्या आधी नाही.

आखाजी तीन आठवड्यांवर आहे. पत्रिका वाटून झाल्या. त्यांच्यावर छापलंय, 'बँकॉकच्या शेफच्या हातचं.'

पलक म्हणाली, "पत्रिका बदला. थोडे दिवस पुढे ढकला."

मी म्हटलं, बाबूजींना काय सांगू? चौदा वर्षांनी त्यांनी पहिल्यांदा माझ्यासाठी पंचांग उघडलं आहे.

३१ मार्च

उपाय सापडला. आंघोळ करताना. सगळ्या मोठ्या कल्पना तिथेच येतात.

बँकॉकची शेफ आपल्या स्वयंपाकघरात उभीच आहे की. जळगावात मिझोराम कुणी पाहिलं आहे, आणि बँकॉक तरी कुणी पाहिलं आहे? मंडळाच्या चाळीस लोकांनी पाहिलं, पण त्यांनी तिथे फक्त मॉल पाहिले.

७ एप्रिल

बॅनर लागला. वीस फुटी. रिनपुईचा फोटो, खाली 'बँकॉकहून थेट: शेफ रिन'. तिला आधी सांगितलं नव्हतं, आनंदाचा धक्का द्यायचा होता.

सकाळी ती बॅनरखाली उभी होती. मी म्हटलं, "कसा आलाय?"

"फोटो माझा आहे."

"मग? छान आलाय."

"शेठ, मी बँकॉक पाहिलेलं नाही."

"अगं, जाहिरात आहे. पावडरच्या डब्यावरची बाई ती पावडर लावते का?"

ती हसली नाही. म्हणाली, "पुण्यात पहिल्या दिवसापासून लोक विचारतात, तू कुठून आलीस, चीन की जपान. मी सांगत आले, इथलीच. दहा वर्षं सांगतेय. आणि तुम्ही वीस फुटांवर लिहून टाकलं."

मी तिला समजावलं की आखाजीनंतर काढतो. ती म्हणाली, "आखाजीच्या संध्याकाळी. नाहीतर मी जाते." आणि आत जाऊन कोबी कापत बसली. आज कोबी फार बारीक कापला गेला होता.

स्वागताला थाई पद्धतीने हात जोडून 'सवादी' म्हणशील का, असंही विचारलं. ती म्हणाली, "जय जिनेंद्र म्हणते." एवढी माणसं मेहनत घेत आहेत आणि हिला मजा सुचते.

१६ एप्रिल

आज भिकन हवालदार आले. पोलिसांच्या परदेशी नागरिकांच्या कक्षात असतात. बॅनर पाहून आले होते. "बँकॉकचं माणूस आलंय म्हणे. आमच्याकडे नोंद नाही."

गाळ्यात तेव्हा सजावटवाला, एक लोकल चॅनेलवाला आणि बाबूजींचे दोन मित्र. मी काय सांगणार होतो, की बॅनर खोटा आहे? पण डोकं शांत ठेवलं. म्हटलं, "साहेब, कागद प्रक्रियेत आहेत. आमचे धुळ्याचे वकील बघतायत." चहा दिला, उद्घाटनाचं आमंत्रण दिलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि गेले.

म्हणजे मिटलं. लोक उगाच कायद्याला घाबरतात. दोन शब्द नीट बोलावे लागतात, बस.

आखाजी

आज बरंच झालं. क्रमाने लिहितो.

सकाळी मुहूर्त उत्तम लागला. बाबूजी नव्या फेट्यात. सराफ बाजार लोटला होता. अकराच्या सुमाराला भिकन हवालदार आले, सोबत एक महिला पोलीस. मी म्हटलं, या, बसा. ते जेवायला आले नव्हते. म्हणाले, "तुमच्या परदेशी शेफना चौकशीला न्यायचंय. व्हिसा, पासपोर्ट काहीच नोंदीत नाही."

रिनला बाहेर बोलावलं. तिने आधार कार्ड काढून दिलं. महिला पोलीस बाईंनी उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाल्या, "हे कुठून बनवून घेतलं?" मग वर बॅनरकडे पाहिलं.

रिन माझ्याकडे वळली. "शेठ, सांगा त्यांना."

तेव्हा चॅनेलवाल्याचा कॅमेरा माझ्यावर होता. बाबूजी दोन पावलांवर. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. ते तसा हात कधी ठेवत नाहीत. मी म्हटलं, "हो हो, साहेब. कागद प्रक्रियेत आहेत. तुम्ही जाऊन या, रिन, दोन तासांचा तर प्रश्न आहे."

तिने ॲप्रन काढून घडी घातली, ओट्यावर ठेवला आणि गेली.

पलक तिच्या मागोमाग गेली. पंगत बसायच्या वेळेला. सांगून गेली नाही.

स्वयंपाक घरून मदतीला आणलेल्या भीमबहादुरने सांभाळला. हिरव्या रश्श्याच्या नावाखाली त्याने पालकाचं काहीतरी केलं. लोकांनी बोटं चाटली. एकजण म्हणाला, असं बँकॉकलाही मिळालं नव्हतं. पलकचे फोन येत होते, पण पाहुण्यांसमोर उचलणार कसा.

चार वाजता गर्दी ओसरल्यावर पोलिसांच्या कार्यालयात गेलो. रिन बाहेरच्या बाकावर बसली होती. शेजारी तानुबाई, डब्यासकट. आत पलक आणि योगेंद्र. तो धुळ्याहून आला होता, येताना रिनच्या जुन्या हॉटेलच्या मालकाला घेऊन.

तानुबाईंना नोटीस देणार होते, परदेशी माणूस न कळवता घरात ठेवला म्हणून. त्या अख्ख्या कार्यालयाला ऐकू जाईल अशा सांगत होत्या, "परदेशी? कोन परदेशी? ती तं आपला धुळानी शे. भाकर खास, ठेचा खास. तुमना बठ्ठासपेक्षा मराठी चांगली बोलस." म्हणजे ती आपल्या धुळ्याचीच, भाकरी-ठेचा खाते आणि मराठी या सगळ्यांपेक्षा चांगली बोलते.

आतल्या अधिकारी मॅडम माझ्यावर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही हवालदारांना दोनदा सांगितलंत की हिचे परदेशी म्हणून कागद प्रक्रियेत आहेत. ही म्हणते मी मिझोरामची. मालक एक सांगतो, कामगार दुसरं सांगते. मी कुणाचं खरं धरायचं?"

त्यांनी माझ्यापुढे कोरा कागद सरकवला.

"हिच्या वडिलांना फोन लावला. त्यांना हिंदी नीट येत नाही. संशय आणखी वाढला. ते तिकडे दुकान बंद करून फोनपाशी बसलेत. आता तुम्ही लिहून द्या."

लिहून दिलं. की सदर महिला भारतीय नागरिक आहेत. की बँकॉकचा मजकूर मी जाहिरातीसाठी खोटा छापला. की पोलिसांना चुकीची माहिती मी दिली. मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, "सदर महिला नको. त्यांचं नाव लिहा." मला आडनावासकट पूर्ण नाव माहीत नव्हतं. पलकने सांगितलं.

बाहेर आलो तेव्हा दिवे लागले होते. मी म्हटलं, "झालं एकदाचं. चला, सोडतो." रिन तानुबाईंच्या रिक्षात बसली. पलकही त्याच रिक्षात बसली. योगेंद्र त्याच्या गाडीने गेला. आमची सात सीटर गाडी मी एकट्याने घरी आणली.

आखाजीचा दुसरा दिवस

बॅनर खाली आहे. मी काढायला माणूस पाठवणार होतो, पण त्याआधीच पलकने काढला. शिडी तिने कुठून आणली माहीत नाही.

बाबूजींनी बोलावलं. मला वाटलं उद्घाटनाबद्दल बोलतील. म्हणाले, "आपल्या दुकानात कुणी अठरा कॅरेटला बावीस म्हटलं असतं तर मी त्याला गल्ल्यावर बसू दिलं असतं?"

मी म्हटलं, "बाबूजी, जेवण चांगलंच होतं."

ते म्हणाले, "सोनंही चांगलंच असतं."

रिन आपल्या सुऱ्या घ्यायला आली होती. मी माल आणायला गेलो होतो, त्यामुळे भेट झाली नाही. पलक म्हणते, मी माल आणायला गेलो होतो म्हणूनच ती आली.

५ मे

हॉटेल चालू आहे. भीमबहादुर मुख्य आचारी. म्हणजे माझा आचारी आता खरोखर परदेशी आहे आणि त्याला एकही कागद लागत नाही. हे कुणाला सांगण्यात अर्थ नाही.

पलक दर शनिवारी माहेरी जाते. तिच्या आईचा गुडघा दुखतो. गच्चीवरच्या गवती चहाच्या कुंड्याही घेऊन गेली, तिकडे हवा मानवते म्हणाली. परत येते तेव्हा ओढणीला भाजलेल्या तिळाचा वास येतो. गुडघ्याला तिळाचं तेल लावत असणार.

१८ जून

सोमचाय आला. व्हिसा नोकरीचा, फर्म हॉटेलची, करार हॉटेलचा. या वेळी योगेंद्र जे म्हणाला ते सगळं केलं. हॉटेलच्या वरची खोली त्याला दिली आहे, त्याची माहिती त्याच दिवशी भरली.

२२ जून

सोमचायची पोलीस नोंद. मॅडमनी त्याला आत बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. भिकन हवालदारांनी त्याच्यासोबत फोटो काढला. वीस मिनिटांत काम झालं. मी योगेंद्रला फोन करून म्हटलं, बघितलंस, कागद चोख असले की कशी वागणूक मिळते.

योगेंद्र म्हणाला, "रिनपुईचे पण चोखच होते."

एका पानावर सही करायची राहिली म्हणून मला थोडा वेळ बाहेर थांबायला सांगितलं. त्या बाकावर बसलो. शेजारीच स्वच्छतागृहाचं दार आहे, उघडं राहतं. भिकन म्हणाले, "शेठ, इथे नका बसू, आत बसा."

मी विचारलं, "त्या दिवशी ती इथेच बसली होती, दिवसभर?"

"हो."

"पाणी वगैरे?"

"मागितलं नाही तिने," भिकन म्हणाले. मग हातातली वही मिटत, "आम्हीपण विचारलं नाही."

घरी आल्यावर पलकला हे सांगायचं होतं. सांगितलं नाही. तिला माहीत असणारच, ती तिथे होती.

२५ जून

सोमचायचा पासपोर्ट मी पेढीच्या तिजोरीत ठेवला आहे. जळगावात याहून सुरक्षित जागा नाही. हरवला तर जबाबदारी माझी, योगेंद्रनेच सांगितलं होतं.

जेवण मात्र काय बनवतो. बाबूजी आठवड्यातून दोनदा येतात, सूर्यास्ताच्या आत.

९ जुलै

सोमचाय घरकोंबडा आहे. कामाला खाली येतो, काम झालं की वर. समोर एवढा तलाव, अख्खं जळगाव फिरायला येतं, पण हा खिडकीत उभा राहून बघतो. मी म्हटलं, "गो, गो, लेक." तो मान हलवतो. रोज सकाळी विचारतो, "पासपोर्ट?" मी खिसा थोपटून म्हणतो, "सेफ, सेफ." तो हसतो. सुरुवातीला जास्त हसायचा.

आता जेवतही कमी. भीमबहादुर म्हणाला, "शेठ, हा आजारी पडेल." डॉक्टरने तपासलं, काही नाही म्हणाला. घरची आठवण असेल. भाषेचा प्रश्न आहे. त्याच्याशी त्याच्या बाजूचं कुणीतरी बोलायला हवं.

मग माझ्या लक्षात आलं, रिन आहे की.

११ जुलै

आज शनिवार. पलक माहेरी गेलेली, म्हणून तिला न सांगताच धुळ्याला गेलो. रिनच्या जुन्या हॉटेलात विचारलं, तर म्हणाले, तिने पारोळा रोडला स्वतःचं काढलंय. छोटा गाळा, सहा टेबलं, पाटीवर 'लुंगलेई'. बाहेर कॉलेजच्या पोरांची रांग. दारात गवती चहाच्या कुंड्या. आमच्या कुंड्या.

आत पलक. केस बांधून कोथिंबीर निवडत होती. तिने वर पाहिलं, म्हणाली, "बसा, गर्दी ओसरू द्या," आणि पुन्हा कोथिंबीर. आईच्या गुडघ्याबद्दल मी काही विचारलं नाही.

रिनपुई समोर येऊन बसली. मी तिला पहिल्यांदा अहोजाहो केलं. ठरवलं नव्हतं, झालं.

"त्या दिवशीचं..." मी सुरुवात केली.

"अकरा वाजता तुम्ही एक वाक्य बोलला असता तर पुरलं असतं, पारसभाऊ," ती म्हणाली. "त्यानंतर कितीही बोललात तरी ते अकराचं होत नाही. कामाचं सांगा."

मी सोमचायचं सांगितलं. आणि म्हटलं, "तुम्ही त्याच्याशी जरा बोलाल का? तुम्हाला कळेल तो काय म्हणतो."

पलकचा हात कोथिंबिरीवर थांबला.

रिनपुई शांतपणे म्हणाली, "मला थाई येत नाही."

"नाही, पण थोडंफार..."

"तुम्हाला येतं तेवढंच येतं."

तेव्हा मला कळलं मी काय बोललो ते. इतके महिने डायरी लिहितोय, आणि तेव्हा कळलं. मान खाली गेली. समोर कुणीतरी पाण्याचा पेला ठेवला होता. तो उचलायचंही धैर्य झालं नाही.

तीच बोलली. "भाषा कशाला लागते? तो बाहेर का पडत नाही, एवढंच ना? त्याचा पासपोर्ट कुठे आहे?"

"माझ्याकडे. तिजोरीत, एकदम सुरक्षित."

"म्हणजे रस्त्यात कुणी अडवलं तर त्याने काय दाखवायचं? तुमची तिजोरी?"

मी म्हटलं, "त्याला कोण अडवणार? सगळे त्याच्यासोबत फोटो काढतात."

"माझ्या हातात आधार होतं, भाषा होती, तानुबाई होत्या. तरी सुटेपर्यंत अंधार पडला. त्याच्याजवळ काय आहे? चेहरा. तो बघूनच अडवतात." ती उठली. "आजच परत द्या. योगेंद्रभाऊंना विचारा, दुसऱ्याचा पासपोर्ट ठेवून घेणं कायद्यात बसत नाही."

पलक म्हणाली, "विचारायला नको. बसत नाही."

गर्दी पुन्हा वाढली. रिनपुईने मला जेवायला थांबवलं नाही, पण एक डबा बांधून दिला. वर म्हणाली, "त्याला द्या. तुम्हाला नाही."

११ जुलै, संध्याकाळ

धुळ्याहून तडक पेढीवर गेलो. बाबूजींनी विचारलं, तिजोरी कशाला? मी सांगितलं. ते किल्ली देताना म्हणाले, "दुसऱ्याचं आहे हे मला आधी सांगितलं असतंस तर ठेवूच दिलं नसतं."

सोमचाय खोलीत होता, खिडकीपाशी. मी पासपोर्ट त्याच्या हातात दिला. काय म्हणायचं ते सुचेना, म्हणून दोन्ही हात जोडले. त्याने पासपोर्ट उघडला, आपलाच फोटो पाहिला, पानं चाळून व्हिसा पाहिला, पुन्हा मिटला. शर्टाच्या खिशात ठेवून बटण लावलं. मग कॉटखालून बूट काढले. कोरे होते, आल्यापासून घातलेच नव्हते.

डब्याकडे त्याने पाहिलंही नाही. खाली उतरला आणि रस्ता ओलांडून तलावाकडे गेला.

मी खिडकीतून पाहत होतो. आज शनिवारची गर्दी. तो कठड्याच्या कडेकडेने चालला होता, कणसांच्या गाड्यांपाशी पोलिसांची गाडी उभी होती. एका शिपायाने त्याला हाक मारली. सोमचाय थांबला. मी धावतच जिना उतरायला लागलो, निम्म्यावरच्या झरोक्यातून दिसलं: त्याने बटण काढलं, पासपोर्ट दिला. शिपायाने पाहिला, काहीतरी विचारलं, परत दिला. सोमचायने तो खिशात ठेवला, बटण लावलं आणि एक कणीस घेतलं. मग खात खात पुढे गेला, पार त्या वळणापर्यंत, जिथून पुढे झरोक्यातून दिसत नाही.

मी जिन्यातच बसलो. खाली जायचं काही कारण उरलं नव्हतं.